कर्नाळ्याच्या पायथ्याशीं दोन रात्री

पनवेल सोडून गोव्याच्या रस्त्यास लागलें, कीं थोड्याच वेळांत दाट झाडीनें भरलेल्या डोंगराच्या माथ्यावर एक काळा सुळका उभा दिसूं लागतो. लांबून पाहणारास तो मुठीबाहेर काढलेल्या अंगठ्यासारखा भासतो. हाच कर्नाळा. पनवेलपासून हें ठिकाण अवघें बारा किलोमीटर व मुंबईपासून सुमारें साठ. इतक्या जवळच्या स्थळास जावयाचें तर सकाळीं निघावें व सायंकाळीं घरीं परतावें, त्यांत मुक्कामाचा विचार तो काय करावयाचा, असें पुष्कळांस वाटतें. आणि म्हणूनच कर्नाळ्यास जाऊन आलेल्या पुष्कळ मंडळींनीं तेथील पक्षी पाहिलेले नसतात.

पक्ष्यांचा दिवस आपल्या दिवसाच्या फार आधीं सुरू होतो. उजाडतां उजाडतां रानांत जी गडबड उडते ती ऊन चढूं लागलें कीं ओसरते, आणि दहा वाजतां डबे व सतरंज्या घेऊन येणाऱ्या मंडळींच्या वांट्यास माकडें तेवढीं येतात. ज्यांस कर्नाळा खरोखर पाहावयाचा आहे त्यांनीं आदल्या रात्रीं जवळपास येऊन राहिलें पाहिजे. तेव्हां मुक्काम कोठें करावा, हा प्रश्न या लहानशा प्रवासांत सर्वांत मोठा होऊन बसतो. आम्हांस तो कसा सोडवावा लागला, हें सांगितल्यास आमच्या वाचक कुटुंबांपैकीं कोणाला तरी त्याचा उपयोग होईल असें वाटतें.

कर्नाळ्याचें अभयारण्य १९६८ सालचें. महाराष्ट्रांतील पक्ष्यांसाठीं राखून ठेवलेलें हें पहिल्या-पहिल्या रानांपैकीं एक. आरंभीं त्याचें क्षेत्र साडेचार चौरस किलोमीटरांहून थोडें कमीच होतें. २००३ सालीं तें वाढवून बारा चौरस किलोमीटरांच्या वर नेण्यांत आलें. एवढ्याशा जागेंत दोनशेंहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद झालेली आहे. हिंवाळ्यांत उत्तरेकडील पाहुणे येतात. पावसाळ्याच्या तोंडीं तिबोटी खंड्या येतो. हा चिमणीपेक्षाहि लहान, पण अंगावर निळा, जांभळा, नारिंगी असे रंग ल्यालेला पक्षी ओढ्याकांठच्या दरडींत बीळ करून पिलें वाढवितो. शेपटीला दोन लांब तारा व त्यांच्या टोकांना पिसांचीं निशाणें लावलेला भृंगराज तर इतर पक्ष्यांच्या आवाजाच्या इतक्या हुबेहूब नकला करितो, कीं ऐकणाराची फसगत व्हावी. आपल्या राज्याचा पक्षी हरियल याच्या नांवाची एक पायवाटहि अभयारण्यांत आहे.

आम्ही पांच माणसें होतों: आम्ही उभयतां, चिरंजीव, कन्या आणि आमच्या मातोश्री. प्रवासाचा हेतु मातोश्रींचाच होता. त्यांचें माहेर पनवेलनजीक. लहानपणीं परसदारीं उभें राहिलें, कीं हा अंगठा दिसे. परंतु तेथें जाण्याचा योग कधीं आला नाहीं, आणि अभयारण्य होण्यापूर्वींच लग्न होऊन त्या देशावर गेल्या. आज त्यांस एकोणऐंशीवें वर्ष चालू आहे. दोन वर्षांपूर्वीं त्यांच्या मांडीच्या हाडाची शस्त्रक्रिया झाली. त्या वेळीं डॉक्टरांनीं आम्हांस बाजूस घेऊन स्पष्ट सांगितलें होतें, कीं यापुढें चालण्यास हरकत नाहीं, परंतु पुन्हां एकदां पडल्या तर चालणें कायमचें थांबेल. किल्ल्यावर जाण्याची आशा मातोश्रींनीं केव्हांच सोडली होती. “मला वर नको नेऊं. खालीं बसून पांखरें ऐकूं दे म्हणजे झालें,” एवढीच त्यांची इच्छा.

डॉक्टरांचें तें वाक्य मनांत असतांना कोणतेंहि हॉटेल पूर्वीसारखें दिसत नाहीं. त्या शस्त्रक्रियेनंतर एका लग्नकार्यानिमित्त यजमानांनीं आमची उतरण्याची सोय एका नव्या, फार वाखाणलेल्या हॉटेलांत केली होती. गांव व हॉटेल यांचीं नांवें येथें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. खोली खरोखर देखणी होती: काळीभोर चकचकीत फरशी, भिंतीमागून झिरपणारा मंद उजेड आणि पलंगाच्या बाजूस दोन इंच उंचीचा चौथरा. चौथराहि काळाच. रात्रीं मातोश्री उठल्या, तेव्हां त्यांचें पाऊल त्या न दिसणाऱ्या कांठावरून घसरलें. कन्या शेजारीं होती म्हणून तिनें त्यांस सांवरलें. दुखापत झाली नाहीं. परंतु पुढें चार महिने मातोश्री परक्या घरीं रात्रीं पाणी प्यावयाच्या बंद झाल्या. उठावें लागूं नये म्हणून! त्या खोलीचा आराखडा काढणाराने तिचें चित्र फार सुंदर काढलें असेल. त्या चित्रांत रात्रीं उठणारें म्हातारें माणूस तेवढें नव्हतें.

पूर्वीच्या काळीं अशा निवडीची वेळ आपल्या लोकांवर फारशी येत नसे. गांवोगांवीं आप्तेष्ट असत. नसले तर धर्मशाळा, देवळाची ओंवरी किंवा ओळखीच्या भिक्षुकाचें घर. मुंबईसारख्या शहरीं काम निघालें, तर क्रॉफर्ड मार्केटाजवळच्या सरदारगृहासारखें ठिकाण असे. लोकमान्यांचा मुंबईंतील मुक्काम तेथें होत असे आणि १९२०च्या ऑगस्टच्या पहिल्या तारखेस त्यांचा अंतहि तेथेंच झाला. आतां आप्तांच्या सदनिकाच दोन खोल्यांच्या. पांच माणसांनीं जाऊन त्यांस अडचणींत घालणें प्रशस्त नव्हे. हॉटेल हेंच आतां मध्यम स्थितींतल्या कुटुंबाची धर्मशाळा झालें आहे.

त्यांतून पनवेल पूर्वींचें राहिलेलें नाहीं. १८५२ पासून नगरपालिका असलेलें हें जुनें बंदर व बाजारपेठ एके काळीं बैलगाड्यांच्या चाकांसाठीं प्रसिद्ध होतें. २०१६ सालीं तेथें महानगरपालिका आली. पुण्याचा द्रुतगति महामार्ग शेजारून जातो, शिवडीहून येणाऱ्या अटल सेतूचें उद्घाटन जानेवारी १२, २०२४ रोजीं झालें, आणि नव्या मुंबईच्या विमानतळाचें उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं झालें. साहजिकच दर महिन्यास एखादी नवी पाटी लागलेली दिसते, आणि प्रत्येक पाटीखालीं ‘कलात्मक’, ‘अभिनव’ अशीं विशेषणें असतात.

अशा रचनेवर भर देणाऱ्या हॉटेलांची टूम तशी जुनी नाहीं. न्यूयॉर्क शहरांत १९८४ सालीं ‘मॉर्गन्स’ नांवाचें एक हॉटेल निघालें. त्याची अंतर्गत मांडणी अन्द्रे पुतमाँ या फ्रेंच बाईंनीं केली. हातांत पैसा बेताचा असल्यामुळें त्यांनीं स्नानगृहांत स्वस्तांतल्या पांढऱ्या व काळ्या फरशा बुद्धिबळाच्या पटाप्रमाणें बसविल्या, आणि तोच त्या हॉटेलचा लौकिक झाला. परंतु मध्यम दराच्या मुक्कामाचा खरा आद्य विचारक आम्ही एल्सवर्थ स्टॅटलर यासच म्हणूं. १९०८ सालीं अमेरिकेंतील बफेलो शहरीं त्यानें दीड डॉलरांत खोली व तिला स्वतंत्र स्नानगृह देऊं केलें. दोन खोल्यांचीं स्नानगृहें पाठीला पाठ लावून एकाच नळमार्गावर घेतल्यानें खर्च वांचला. दिव्याचें बटण दाराशेजारींच लावलें, म्हणजे पाहुण्यास अंधाऱ्या खोलींत चांचपडत जावयास नको. किल्लीचें भोंक मुठीच्या वर घेतलें, म्हणजे मुठीच्या आड तें लपूं नये. यांतील एकहि गोष्ट छायाचित्रांत उठून दिसणारी नाहीं.

थोड्या दिवसांच्या मुक्कामांत हें सर्व अधिकच महत्त्वाचें ठरतें, असें आमचें मत आहे. आपल्या घरांतला उंबरठा उंच असला तरी आठवड्याभरांत पायाला त्याची संवय होते; कोणतें बटण कोणत्या दिव्याचें हें हाताला पाठ होतें. दोन रात्रींच्या पाहुण्यास संवय व्हावयाला वेळच नसतो. खोलीनें त्यास पहिल्याच रात्रीं, अंधारांत, झोपेंत असतांना समजलें पाहिजे. म्हणून आम्हीं यावेळीं छायाचित्रांवर विसंबावयाचें नाहीं, आधीं एक दिवस स्वतः पनवेलीस जाऊन खोल्या पाहावयाच्या, असें ठरविलें.

पहिलें हॉटेल महामार्गालगत होतें. समोरचा भाग सबंध कांचेचा. आंत प्रवेशदालनांत वारली चित्रें व लहानसा धबधबा. खोली पाहूं लागलों तों खिडकी उघडतच नाहीं असें आढळलें. याहून चमत्कारिक गोष्ट म्हणजे स्नानगृह व खोली यांच्यामधील भिंतहि पारदर्शक कांचेची होती. सासू, सून, मुलगी व मुलगा अशा कुटुंबानें या कांचेचें काय करावें, असें विचारतां तेथील तरुण गृहस्थानें पडदा असल्याचें नम्रपणें सांगितलें; पडदा मात्र आंतल्या बाजूनें ओढावयाचा होता. आमची सौभाग्यवती हंसूं दाबीत बाहेर आली. आणखी एक विचार मनांत आला. उजळ कांचेंत झाडांचें व आकाशाचें प्रतिबिंब पडतें. पक्ष्यांस तें खरें वाटून ते त्यावर आदळतात व मरतात, हें जगांत सर्वत्र आढळून आलेलें आहे. पांखरें ऐकावयास येणारानें अशा भिंतीमागें उतरावें, हें कांहीं मनास रुचेना.

दुसरें ठिकाण एस. टी. स्थानकाजवळचें जुनें लॉज. चादरी स्वच्छ, मालक सरळ, दर पहिल्याच्या निम्म्यानें कमी. परंतु जिना अरुंद व चढा, कठडा एकाच बाजूस, आणि गाड्यांचे कर्णे पहांटेपर्यंत थांबत नाहींत असें मालकांनींच प्रामाणिकपणें सांगितलें. एकट्यादुकट्या माणसास तें ठीक होतें.

तिसरें ठिकाण आंतल्या गल्लींत, दुमजली, मध्यें चौक आणि चौकांत एक बकुळीचें झाड. इमारत नवीच होती, पण चौकाभोंवतीं फिरणारा व्हरांडा, पुढें आलेलीं छपरें आणि पावसाच्या माऱ्यांतहि उघडी ठेवतां येईल अशी खिडकी पाहून कोंकणांतील पडवीची आठवण झाली. उघड्या आकाशाखालच्या अशा चौकाचें मोल आपल्या हवेंत किती आहे, हें वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया यांनीं येथून जवळच सी. बी. डी. बेलापुरास दाखवून दिलें आहे. १९८०च्या दशकांत त्यांनीं वसविलेल्या तेथील वसाहतींत लहान घरांचे पुंजके लहान चौकांभोंवतीं बांधलेले आहेत. ज्यानें हें हॉटेल बांधलें त्यानें तें पाहिलें असो वा नसो, विचार त्याच कुळांतला होता.

खोलींत शिरतांच आम्हीं आमची तपासणी सुरू केली. कोठेंहि पायरी नाहीं. फरशी कोट्याची, खरखरीत. ती घांसून चकचकीत कां केली नाहीं, असें विचारतां झाडणाऱ्या बाईंनीं उत्तर दिलें, “केली असती तर आधीं आम्हीच पडलों असतों.” स्नानगृहाच्या दाराशीं उंबरठ्याऐवजीं सौम्य उतार, भिंतींत घट्ट रोंवलेला धरावयाचा दांडा, बसून स्नान करण्यासाठीं स्टूल. पलंगावरून हात लांबवितांच सांपडेल असें बटण, आणि तें दाबल्यावर जमिनीलगत पेटणारा एक लहान दिवा. खिडकीस डासांची जाळी. दाराच्या पाठीमागें चार खुंट्या. या साध्या लांकडी खुंट्या मातोश्रींस पुढें फार आवडल्या. नऊवारी वाळत कोठें घालावी, हा त्यांचा प्रत्येक हॉटेलांतला प्रश्न. येथें तो पडला नाहीं. “खुंटी ठेवली आहे, म्हणजे इथें माणसें कपडे बदलतात हें त्यांना ठाऊक आहे,” असें त्या म्हणाल्या.

उणीवाहि होत्या. दोन खोल्यांमधील भिंत पातळ होती, आणि न्याहारी साडेसातपूर्वीं मिळत नसे. पक्ष्यांसाठीं जाणारास साडेसात म्हणजे दुपारच! परंतु आदल्या रात्रीं सांगून ठेवल्यास थर्मासमध्यें चहा व डब्यांत उपमा देण्याचें त्यांनीं कबूल केलें, व शब्दहि पाळला. दर पहिल्या हॉटेलाहून कमी पण लॉजहून पुष्कळ अधिक होता. दररात्रीं ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवरील वस्तु व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून शेंकडा १२ वरून ५ वर आल्यामुळें मध्यम दराच्या खोल्यांस तेवढाच दिलासा मिळाला आहे. खोली ठरवितांना सांगितलेला दर करासह कीं कराविना, हें मात्र विचारून घ्यावें. अभयारण्याच्या अधिक जवळ राहावयाचें असेल, तर महामार्गावरच तारा या गांवीं युसुफ मेहेरअली यांच्या नांवानें चालणारें केंद्र आहे. तेथील खादी-ग्रामोद्योगाचें काम मुद्दाम पाहण्यासारखें आहे.

दुसऱ्या दिवशीं उजाडतांच आम्ही अभयारण्याच्या दाराशीं होतों. थोडें आंत गेल्यावर ओढ्याच्या बाजूस एक बांक मिळाला, तेथें मातोश्री व सौभाग्यवती बसल्या. आरंभीं कांहींच ऐकूं येत नव्हतें. मग दूर कोठें तरी तांबटाचा ठोका सुरू झाला, त्याला कुटुर्ग्यानें उत्तर दिलें, आणि ओढ्याकडून कोणीतरी उनाड मुलानें शीळ घालावी तशी लांब, वळणावळणाची शीळ आली. ती शीळकरी कस्तुराची. मातोश्रींनीं हातानें आम्हांस गप्प राहण्याची खूण केली व डोळे मिटले. मुलांस घेऊन आम्हीं किल्ल्याची वाट धरली, तेव्हां त्यांनीं आमच्याकडे पाहिलेंहि नाहीं.

चढ दीड-दोन तासांचा आहे, व शेवटच्या टप्प्यांत दम काढणारा आहे. समुद्रसपाटीपासून किल्ला सुमारें दीड हजार फूट. वाटेंत कर्णाई देवीचें स्थान लागतें. पुढें दरवाजा, पडक्या वाड्याच्या भिंती, आणि मग तो अंगठा. सव्वाशें फुटांच्या आसपास उंचीचा हा काळ्या पाषाणाचा सुळका जवळून पाहतां छाती दडपते. त्याच्या कपारींस मधमाशांचीं मोठीं पोळीं असतात, म्हणून तेथें आरडाओरड किंवा धूर करणें अत्यंत धोक्याचें. सुळक्याच्या पायाशींच खडक कोरून पाण्याचीं टांकीं व कोठारें केलेलीं आहेत. बाहेर ऊन तापलेलें असतांना त्यांच्या तोंडाशीं हात नेला, तर गारवा लागतो. चिरंजीवांनीं आंत डोकावून विचारलें, “हीं कोणी बांधलीं?” बांधलीं नाहींत, खोदलीं, एवढेंच उत्तर आम्हांस देतां आलें. डोंगरमाथ्यावर महिनोन्महिने राहणाऱ्या शिबंदीस आधीं काय लागेल, याचा विचार करून हातोडी-छिन्नीनें केलेली ही रचना आहे; शोभेची एकहि रेघ तींत नाहीं, आणि ती अद्याप उभी आहे.

या किल्ल्यानें राज्यें पुष्कळ पाहिलीं. देवगिरीच्या यादवांनंतर निजामशाही, गुजरातचे सुलतान व पोर्तुगीज यांची त्यावर ओढाताण झाली. शिवाजीमहाराजांनीं १६५७ सालीं तो घेतला. १६६५च्या पुरंदरच्या तहांत दिलेल्या तेवीस किल्ल्यांत तो गेला, व १६७० सालीं पुन्हां स्वराज्यांत आला. १८१८ सालीं कर्नल प्रॉथर यानें तो इंग्रजांसाठीं घेतला, त्या वेळीं किल्ल्यावर अनंतराव फडके होते. त्यांचे नातू वासुदेव बळवंत ४ नोव्हेंबर १८४५ रोजीं पायथ्याच्या वाटेवरील शिरढोण गांवीं जन्मले. परतीच्या वाटेवर आम्ही तेथें थांबलों. आजोबांच्या हातून गेलेला किल्ला ज्या अंगणांतून रोज दिसत असेल, त्या अंगणांत वाढलेला मुलगा पुढें इंग्रजांविरुद्ध शस्त्र घेऊन उठला, आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजीं एडनच्या तुरुंगांत निधन पावला. त्या शूर पुरुषास मुक्कामाची निवड करावयास कोणी दिली नव्हती. मातोश्रींनीं तेथें वांकून नमस्कार केला. वांकतांना त्यांनीं कोणाचा हात मागितला नाहीं.

कर्नाळ्यास जाणारांनीं ऑक्टोबर ते मार्च हा काळ निवडावा. तिबोटी खंड्या पाहावयाचा असल्यास मृगानंतर जावें, पण तेव्हां किल्ल्याची वाट निसरडी असते हें लक्षांत ठेवावें. कपडे रानाच्या रंगाचे असावेत, प्लास्टिक बरोबर नेऊं नये. आणि घरांत वडील माणूस असेल, तर हॉटेलास दूरध्वनि करून पुढील प्रश्न विचारावेत: खोलींत पायरी आहे काय, स्नानगृहांत धरावयास दांडा आहे काय, फरशी ओली झाल्यावर घसरते काय, खिडकी उघडते काय, सकाळीं सहापूर्वीं चहा मिळेल काय. उत्तर देणारा या प्रश्नांनीं गोंधळला, तर दुसरें हॉटेल पाहावें. आमच्या मातोश्री त्या दोन्ही रात्रीं निजतांना पूर्वींसारखें तांब्याभर पाणी उशाशीं घेऊन निजल्या, आणि पहिल्याच रात्रीं दोनदां कोणासहि न उठवितां उठून आल्या.